गणपूर्ती

पितळी घंटी. दोन खुर्च्या. खारी बिस्किटं. वर्षातून एकदाच बांधला जाणारा टाय.

कायदा म्हणतो, एकट्याची सभा होत नाही. निदान दोन सभासद हवेत. अर्धा तास वाट पाहायची. कोणी आलं नाही, तर सभा पुढच्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच जागी. दर सप्टेंबरात छत्र्यांच्या कंपनीचे अध्यक्ष त्र्यंबकराव घंटी वाजवत आणि दुसरा सभासद दिगंबर उभा राही.

"अध्यक्षमहाराज, चहात साखर कमी आहे!"

"नोंद घेतली. पुढे बोला."

मग जुन्या फजित्या आठवून दोघं ठसका लागेपर्यंत हसत.

जूनमध्ये दिगंबर गेला. तरी त्र्यंबकरावांनी टाय बांधला, घंटी पुसली आणि ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. अर्धा तास संपत आला.

जिन्यात चपला वाजल्या. दिगंबरची बायको धापा टाकत आली आणि खुर्चीत बसली.

"त्यांच्या जागी आता मी. वाजवा घंटी, भाऊजी. आणि चहात साखर नीट घाला, तीस वर्षं तक्रार ऐकतेय."

कंपनी नऊ वर्षांपूर्वीच बंद झाली होती.