चार भोकांचा खोका

"सहा भोकांचे नव्वद युरो," फॉन्स बाकेल्सने बिलावर बोट आपटलं. "भोकं चारच आहेत. मी मोजलीत."

ग्रीतबाईंनी बिस्किट कॉफीत बुडवलं. अँटवर्पच्या माल-कचेरीतली तक्रारींची खिडकी त्या एकोणीस वर्षं सांभाळत होत्या. तावातावाने आलेला माणूस बिस्किट भिजेपर्यंत निम्मा थंड होतो, असा त्यांचा अनुभव होता. हा होईना.

"माल कुठला?"

"मॉन्ट्रियलहून आलेली कलाकृती. कालच्या विमानाने. बांधणी आणि वाहतूक मिळून दोन हजार एकशे चाळीस. म्युझियम हे पैसे कलाकाराच्या मानधनातून कापणार. मानधन किती? दोन हजार. म्हणजे शुक्रवारी प्रदर्शन मांडायचं आणि वर खिशातले एकशे चाळीस घालायचे. नवरदेवाने स्वतःच्याच लग्नात ताटाचे पैसे मोजण्यातला प्रकार."

"कलाकाराचं कलाकार बघेल. तुम्ही कशाला एवढं जिवाला लावून घेता?"

"बिल खोटं आहे म्हणून." बोट खाली सरकलं. "बारा सेंटिमीटर जाड फोम. कुठला फोम? जुने पेपर कोंबलेत. सगळे खेळाचे. त्यात वाचण्यासारखं एक अक्षर नाही."

"पेपरही चालतात, साहेब."

"मग रद्दीच्या भावाने लावा. पुढे बघा. 'ही बाजू वर', त्याचे पासष्ट. खोका चार तास उलटा होता."

"कशावरून?"

"माझं डोकं अजून ठणकतंय."

"या खिडकीशी सगळ्यांचं ठणकतं. माझंसुद्धा." बाईंनी बिस्किट संपवलं. "मला एक सांगा, कलाकृतीला भोकं हवीत कशाला?"

"आत कोंदट होतं. घाम सुटतो."

मागे उभा असलेला माणूस खाकरला. "अहो, आटपा. माझी कोळंबी नासतेय तिकडे."

"नासू दे," मागे न बघता फॉन्स म्हणाला. "निदान ती सरळ तरी आली असेल." तो पुन्हा खिडकीकडे वळला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "बाई, मी इथून हलणार नाही. तक्रार लिहून घ्या. रीतसर, शिक्क्यासकट."

"विचार करा. एकदा शिक्का पडला की मागे घेता येत नाही."

"घेणारही नाही."

बाईंनी सुस्कारा सोडून कोरा अर्ज पुढे ओढला. "पाठवणारे तुम्ही?"

"नाही. तिथली गॅलरी."

"घेणारे?"

"म्युझियम."

"विमा कंपनीकडून आलात?"

"छे."

"मग तुमचा या मालाशी संबंध काय? हा रकाना रिकामा चालत नाही."

मागच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून फॉन्स खिडकीत वाकला.

"खोका मी आतून उघडला."

ग्रीतबाईंची पापणीही लवली नाही. त्यांनी रकान्यात तसंच लिहिलं आणि शिक्का मारला.

"झाली दाखल. निकालाला सहा आठवडे. तोवर वादातला माल गोदामाबाहेर जात नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी खणातून एक लाल चिठ्ठी काढली, मागची बाजू जिभेवर ओली केली आणि खिडकीतून हात लांबवून त्याच्या कपाळावर चिकटवली.