कलिंगानंतर

जंबुद्वीपाचा इतिहास बदलणारं कलिंगयुद्ध रविवारी दुपारी इंदिरा नगरात संपलं. डायनिंग टेबलावर कॉम्प्युटर असल्यामुळे घरच्यांनी तोवर मांडीवर ताटं घेऊन जेवण उरकलं होतं.

बँकेतून रिटायर झालेले भाऊराव या खेळात सम्राट अशोक होते. त्यांनी माऊस फिरवून रणांगण दाखवलं. जिकडे बघावं तिकडे आडवे पडलेले हत्ती, माणसं, मोडके रथ. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी कांताबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"बास," भाऊराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता शस्त्र नाही. आता धम्म."

आणि त्यांनी सगळी सेना बरखास्त केली. एकेक तुकडी पडद्यावरून नाहीशी होत गेली. ज्या माणसानं आजवर रद्दीसुद्धा सुखासुखी सोडली नव्हती, त्याच्याकडे कांताबाई बघतच राहिल्या.

सुगतही फोन ठेवून उभा राहिला. "गज़ब, पप्पा! पर बाकी राजाओं को बताया?"

"धम्मदूत पाठवतो ना. पुढच्या चालीत."

भरल्या डोळ्यांनी कांताबाई सम्राटांसाठी चहा टाकायला गेल्या.

चहा उकळायच्या आत यवनांनी पाटलीपुत्र घेतलं होतं.