जोपासलेला गंज

गाडी लाल झाली होती.

नुसती लाल नव्हे, चकचकीत लाल. फाटकातून आत आलेल्या जावयाच्या हातातली बॅग खाली पडली. मागून येणाऱ्या बायकोने तोंडावर हात ठेवला. गाडीच्या बॉनेटमध्ये दोघांचे चेहरे आरशासारखे दिसत होते, आणि ते बघवत नव्हते.

गाडीशेजारी सासरे उभे होते. हातात फडकं, नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका. उभा जन्म गॅरेजात गाड्या रंगवण्यात गेलेला माणूस.

"कशी झालीय?" त्यांनी विचारलं. थेट जावयाकडे बघून.

हे नवीनच होतं. लेकीने आपल्या पसंतीने लग्न केलं ते सासऱ्यांना रुचलं नव्हतं. जावयाशी ते बोलत, पण लेकीमार्फत. "यांना विचार, पंखा लावू का?" जावई समोरच बसलेला असे. तोही मग बायकोला सांगे, "लावा म्हणावं." आताही ते आले होते ते लेकीच्या शब्दाखातर. ती दोघं सहलीला गेली की घर सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

आणि घराबरोबर त्यांच्या ताब्यात आली ती गाडी.

जुन्या गाड्यांचं वेड लागलेल्या माणसांची भाषाच वेगळी. गाडी कारखान्यातून निघाली होती तश्शी पुन्हा उभी केली, तर ती 'रिस्टोअर' केलेली. वरून आजोबा, पण पोटात नवं इंजिन आणि थंडगार एसी, तर ती 'रेस्टोमॉड'. आणि छप्पर कापून बुटकी केलेली, इंजिन उघडं टाकलेली, अंगावरचा गंज दागिन्यासारखा मिरवणारी, ती 'रॅट रॉड'. जावयाची गाडी ही तिसऱ्या जातीची. तिचा गंज त्याने तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. उद्याच्या प्रदर्शनात ती पहिल्या रांगेत उभी राहायची होती.

सासऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना दिसली ती एक गंजकी गाडी. त्यात शेजारच्या काकू कुंपणावरून हळहळल्या, "गाडीकडे बघायला जावयाला वेळच होत नाही वाटतं." झालं! सासऱ्यांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी पत्रा घासला, खड्डे बुजवले, जुन्या गॅरेजातून कॉम्प्रेसर आणवला आणि रंगाचे हात मारले ते असे, की माशी बसली तरी घसरावी.

"बाबा, तुम्ही हे काय..." लेकीने सुरुवात केली.

"झकास!" जावई मध्येच म्हणाला. आवाज जरा चिरकला. "एकदम झकास झालीय, बाबा."

सासरे खुलले. जेवताना ते प्रायमरविषयी बोलत राहिले, आणि मुख्य म्हणजे जावयाशी बोलत राहिले. "तुम्हाला सांगतो, गंजाला दयामाया दाखवायची नाही. मुळापासून खरवडायचा." जावई माना डोलवत होता. लेकीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. त्याने पाय मागे घेतला आणि सासऱ्यांना विचारलं, "मग प्रायमर सुकायला किती वेळ द्यायचा?"

प्रदर्शनाला सासरेही निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून. मैदानाशी पोचल्याबरोबर ते उतरून पुढे गेले. इकडे फाटकावर संयोजक बाईंनी गाडीला एक चक्कर मारली.

"रॅट रॉड म्हणून नाव दिलं होतं ना? गंज कुठाय?"

"रिस्टोअरमध्ये चालेल का?" जावयाने खालच्या आवाजात विचारलं.

"छप्पर कापलेलं, इंजिन ट्रकचं. कारखान्यातून अशी निघाली होती का ही?"

शेवटी गाडी बाहेर, प्रेक्षकांच्या गाड्यांमध्ये उभी राहिली.

सासरे तोवर पहिल्या रांगेपाशी पोचले होते. एकापेक्षा एक गंजक्या गाड्या बघून त्यांना भरून आलं. एका गाडीवरची धूळ एक बाई मऊ कापडाने टिपत होती.

"ताई, रंग द्यायचा राहिला का? मी देतो करून."

बाई खळखळून हसली. "काका, हा गंज मी पिकवलाय! मीठ आणि व्हिनेगर फवारायचं, उन्हात ठेवायचं, पुन्हा फवारायचं. पोटच्या पोरासारखा वाढवलाय. कुणी ब्रश लावला ना, तर हात तोडीन त्याचे."

सासऱ्यांनी हात पाठीमागे नेले. नखांत अजून लाल रंग होता.

बराच वेळ ते त्या रांगेत फिरत राहिले. मग बाहेर आले. लाल गाडीला टेकून जावई एकटाच शेंगदाणे खात उभा होता.

"आत नाही लावली?"

"इथे सावली होती, बाबा. नव्या रंगाला ऊन कशाला?"

सासरे घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत जायचे होते. जावई नाश्त्याची बशी आणि एक छोटी डबी हातात घेऊन अंगणात आला, तर सासरे बाह्या सरसावून गाडीपाशी बसलेले. समोर बादली, पत्रा खरवडायची पट्टी, व्हिनेगरची बाटली.

"बोलायचं नाही का हो?" मान वर न करता ते म्हणाले. "काल कळलं मला सगळं. रंग काढतो, मग गंज चढवू. जाणं पुढे ढकलतो मी. फक्त तुमच्या स्वयंपाकघरात मीठ कुठे सापडेना."

"मीठ संपलंय, बाबा," जावई म्हणाला. "तुम्ही मात्र थांबा."

आणि सासऱ्यांच्या देखत, हातातल्या डबीतून तो उकडलेल्या अंड्यावर मीठ भुरभुरत राहिला.