चकतीवरचे कुंकू

खंडेनवमीला संचालक टिळेकर कुंकवाचा करंडा घेऊन प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा संशोधक शाल्मली धावत आपल्या उपकरणाच्या आड उभी राहिली. त्यातल्या दोन चकत्या केसाच्या सहस्रांशाइतक्या जवळ आणल्या की उष्णता मधली पोकळी ओलांडून झेपावते. किती झेपावावी, हे चकतीवर कोरलेली सूक्ष्म नक्षी ठरवते. त्याच नक्षीवर तिची पदवी टांगलेली होती.

“सर, कुंकू टेबलाला लावा ना!”

“अगं, गाभाऱ्यापर्यंत येऊन उंबऱ्याचीच पूजा करायची?” असे म्हणून त्यांनी भक्तिभावाने चकतीवरच बोट टेकवले.

आठवड्याने परीक्षक आले. नक्षीत रुतलेल्या कणांनी चकत्यांना जवळ येऊच दिले नाही. उष्णता झेपावलीच नाही.

“पाहिलंत? उष्णतेवर संपूर्ण नियंत्रण!” संचालक गरजले. शाल-श्रीफळाने सुखावलेल्या परीक्षकांनी माना डोलावल्या. पदवी पदरात पडण्यास आता केवळ मौन पुरेसे होते.

“सर, हे नियंत्रण माझ्या नक्षीचं नाही, तुमच्या कुंकवाचं आहे,” शाल्मली म्हणाली. “पदवी त्यालाच द्या.”

दोघांमध्ये सारे दालन होते, तरी आच पोहोचली. संचालकांनी घाम पुसला. कपाळीचा टिळा रुमालावर उतरला.