मधली चित्रं

होड्यांच्या शर्यतीच्या सरावाचं शिबूने ड्रोनवरून चित्रण केलं होतं. ते बघायला अम्मिणीचेची, म्हणजे गावाची अम्मिणीताई, त्याच्या स्टुडिओत आली. तिचा मुलगा प्रजीश ओणम सणाच्या तोंडावर तापाने गेला. त्याचं हलतं-हसतं असं एवढंच काय ते उरलं होतं.

पडद्यावर होडी वळली. प्रजीशने वल्हं मारता मारता ड्रोनकडे वर पाहिलं, हसला, आणि नेमकं तिथेच चित्र अडखळलं, धक्के खात पुढे गेलं.

"होडीबरोबर मी ड्रोनही गर्रकन वळवला ना, चेची. सावकाश वळवायला हवा होता," शिबू म्हणाला. "पण करतो नीट. तोवर चहा घ्या."

चहा तसाच निवला. शिबूने पुन्हा लावलं. आता प्रजीशची मान अलगद वर झाली, हसू हळूहळू चेहराभर पसरलं. कुठे एक धक्का नाही.

चेची पडद्याजवळ सरकली. "हे कसं केलंस रे?"

"दोन चित्रांच्या मधे जागा राहते, तिथे कॉम्प्युटर आपल्या मनाने नवी चित्रं बनवून भरतो. कुणाला कळतही नाही."

"म्हणजे मधला प्रजीश आपला नाही?"

शिबूने चित्र थांबवलं.

"मग पहिलंच दे मला," ती म्हणाली. "अडखळेना का. त्यात जेवढा दिसतो, तेवढा माझाच आहे."