तळाचा थर

जिन्याखाली फुटक्या विटांचं पोतं.

जयवंताच्या अंगठ्याला निळी शाई.

पारशिवनीहून सकाळीच आणलेली दोन गोण्या काळी माती.

जूनच्या उकाड्यातही काजलच्या गळ्याभोवती ओढणी.

शालिकराम गच्चीवर हळदीचा ड्रम भरायला निघाला होता. हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याच्या हाताची हळद गल्लीत नावाजलेली. तळाला विटांचे तुकडे, त्यावर पालापाचोळा, मग कुजलेलं शेणखत, मग भुसभुशीत माती आणि गड्डे, वर तणसाचं पांघरूण. नऊ महिन्यांचं पीक, मुळाशी पाणी तुंबून चालत नाही, हे तो ज्याला त्याला सांगायचा.

या वेळची हळद लेकीसाठी, काजलसाठी होती. तिला केयूरशीच लग्न करायचं होतं आणि परजातीचा म्हणून शालिकरामला तो नको होता. तीन महिने घरात धुसफूस चालली. शेवटी त्यानंच तोड काढली.

"घरच्या मातीतली हळद लागल्याशिवाय आपल्या घरची पोरगी उजवत नाही. या ड्रमात चांगली हळद निघाली, तर मी स्वतः केयूरच्या घरी जाईन. सडली, तर त्याचं नाव काढायचं नाही."

"बरं बाबा," काजल म्हणाली.

इतक्या लवकर मानेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो बायकोकडे, जयवंताकडे वळला.

"अंगठ्याले काय झालं वं?"

"राशनची मशीन बंद होती. कागदावर घेतला."

ड्रम त्यानं एकट्यानंच भरला. वरचे थर नेहमीसारखे. तळाला मात्र विटा घातल्या नाहीत. ड्रमची पाणी निघायची भोकं चिकट काळ्या मातीनं लिंपून टाकली. पावसाळ्यात गड्डे आपोआप सडले असते. कोणाला बोल लागला नसता.

श्रावणात शेजारचा गिरिधर भिंतीवरून म्हणाला, "शालिकभाऊ, दिवसातून चार डाव ड्रम पाहून राहिले गा. जावई उगवते का त्यातून?"

शालिकराम पिवळं पान शोधत होता. पानं हिरवीगार, कमरेएवढी. काजल एकदाही ड्रमाकडे फिरकली नाही.

मार्चमध्ये पानं वाळली. त्यानं ड्रम आडवा केला. टपोरी, निरोगी हळद बाहेर घरंगळली. तिच्यामागून विटांचे तुकडे.

तो जिन्याखाली जाऊन आला. पोतं रिकामं होतं.

"तू?"

"तुमी दुसऱ्या दिवशी जेवून झोपले, तवा सारा ड्रम उपसला मी," जयवंता म्हणाली. "भोकंही मोकळी केली."

"मले काहून नाही बोलली?"

"काय बोलू? तुमी पोरीसंग असं कराल, हे तिले कोणत्या तोंडानं सांगू?"

शालिकराम मातीतून उठला. त्यानं हात धुतले, सगळ्यांत देखणा गड्डा निवडून रुमालात बांधला.

"केयूरच्या घरी जाऊन येतो. मे महिन्यातला मुहूर्त पाहू."

"जा," जयवंता म्हणाली. "तुमच्या तोंडून हे निघावं म्हणूनच थांबलो होतो आमी."

"नवा सदरा घाला बाबा," काजल म्हणाली. तिनं गळ्यावरची ओढणी सैल केली.

आदल्या वर्षी तेरा जूनला सकाळी, शालिकराम पारशिवनीला काळी माती आणायला गेला होता तेव्हा, काजल आणि केयूरनं विवाह नोंदणी कार्यालयात सह्या केल्या होत्या, आणि साक्षीदार म्हणून जयवंतानं अंगठा दिला होता.