आणखी एक गणित

मुख्याध्यापक किसनराव सरांनी दारातून खूण केली तेव्हा संगिता फळ्यावर गणित सोडवत होती. ऐश्वर्या मॅडम बाहेर गेल्या.

"संगिताचे मायबाप ज्या ट्रॅक्टरवर होते तो उलटला," सर हळू आवाजात म्हणाले. "उसाखाली दबले. रतनसिंगबी गेला, जिवनबाईबी. पोरीचा काका तिला न्यायला येऊन राहिला. तवर तिला कळू देऊ नका."

मॅडम आत आल्या. संगिताचं गणित झालं होतं. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले तेव्हा शाळा बुडू नये म्हणून ही पोरगी भांडून तांड्यावर आजीजवळ राहिली होती. सातवीच्या वर्गात कंसांची गणितं तिच्याइतकी कुणालाच येत नव्हती. मॅडमही कडक. आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, बेरीज-वजाबाकी शेवटी. क्रम चुकला की सगळं पुसून पुन्हा करायला लावत.

"बस" म्हटलं तर ती वळून समोर येणार होती.

"आणखी एक कर," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी कंसात कंस घालून लांबलचक गणित दिलं. संगितानं ते सोडवलं. मॅडमनी त्याहून लांब दिलं. तेही सुटलं. मॅडम खिडकीतून तांड्याच्या रस्त्याकडे बघत होत्या. काका अजून दिसत नव्हता.

"मॅडम, आमालाबी बोलवा की," मागून मिना म्हणाली. मॅडमना ते ऐकूच आलं नाही. त्या पुढचं गणित सांगत होत्या. बोलता बोलता त्यांचा आवाज मध्येच अडकला.

संगितानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे वळून सांगितलेलं गणित लिहिलं.

१० + २ × (९ − ४)

कंस सोडवून तिनं पाच लिहिले. मग दहा आणि दोनाची बेरीज केली. आलेल्या बाराला पाचनं गुणलं. उत्तर, साठ.

"वीस येतंय ना?" मिना शेजारणीला म्हणाली. वर्गात कुजबुज झाली.

"मॅडम, बराबर हाय का?" संगितानं विचारलं.

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं. "बराबर," त्या म्हणाल्या. "आता पुढचं घे."

संगितानं खडू खाली ठेवला.

"म्या मुद्दाम चुकवलं, मॅडम," ती म्हणाली. "कोन गेलं? माय का बाप?"